ते बेकरीचं न्हाय

सुरुवात फ्रीजपासून करतो, कारण फ्रीजवर चिडणं सोपं असतं. तो उलट बोलत नाही.

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात एकच फ्रीज. दारावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत'. आत विभागप्रमुखांचं ताक, कुणाच्या तरी डब्यातली शेंगाचटणी, कुणाचीच नसलेली लोणच्याची बरणी, आणि सगळ्यात मागं, बर्फात रुतलेल्या आमच्या शास्त्राच्या चार बाटल्या. सोलापूरचा एप्रिल, त्यात दुपारी वीज गेली की प्रमुख धावत येतात ते ताक वाचवायला. प्रयोगासाठी बेकरीतून आणलेलं यीस्टचं पाकीट त्या उन्हाळ्यात तिथंच मेलं. ते मेलंय हे एका विद्यार्थिनीला दुसऱ्याच दिवशी कळलं. मला कळायला दोन महिने लागले, आणि तोवर मी तिचं पुरतं वाटोळं करत आणलं होतं.

मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. सकाळी या कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधे स्कूटरवर. यात 'तत्त्व' हा शब्द कुणी घातला ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तासिका आहेत, तत्त्व कुठंच दिसलं नाही. पीएचडी 'चालू' आहे. आमच्या गल्लीतलं गटारीचं कामही चालू आहे.

ती मुलगी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. मोहोळच्या पलीकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची, मान खाली घालून काम करायची आणि चूक निघाली की मान वर करायची. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली होती. अट एकच, निकाल जूनअखेर त्यांच्या हातात हवा. एक दिवस उशीर झाला तरी जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि निकाल अडकला होता तिच्या प्रकल्पावर, ज्याचा मार्गदर्शक मी. म्हणजे तिची सगळी पुढची वाट माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसली होती, आणि ती सीट सैल आहे.

प्रकल्प माझाच आवडता. माझं गाव नातेपुत्याच्या बाजूला. तिकडं कोवळ्या ज्वारीत गाय शिरली की म्हातारी माणसं काठी घेऊन धावतात, ती पिकासाठी नाही, गाईसाठी. कोवळे पोंगे खाल्ले की किराळ लागते. जनावर धापा टाकत आडवं होतं. हवा छातीत जात असते, पण पेशींना ती वापरताच येत नाही, कारण चावलेल्या पोंग्यातून सुटतं ते सायनाइड. पेशीच्या श्वासाची एक शेवटची पायरी असते, जिथं ऑक्सिजन कामाला लागतो. हे विष नेमकं त्या पायरीवर फतकल मारून बसतं.

पण वनस्पतीच्या पेशीला एक आडवाट असते. ती शेवटच्या पायरीच्या आधीच बाजूला वळते आणि परस्पर ऑक्सिजनपर्यंत पोचते. त्या वाटेनं ताकद थोडीच मिळते, बाकी सगळं नुसती ऊब म्हणून जातं. पण गाडं चालू राहतं. यीस्टमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. बेकरीच्या यीस्टला ही आडवाट नाही. रानोमाळच्या, फळांवरच्या, आपोआप आंबणाऱ्या पदार्थांतल्या बऱ्याच यीस्टना आहे.

हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. खाली दोन रेघा ओढतो. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढं मी किती मोठा गाढव ठरलो ते नीट मोजता येईल.

प्रयोग साधा होता. काचेची बंद नळी, तिला जोडलेली केसासारखी आडवी नळी, तिच्यात लाल शाईचा एक थेंब. मोठ्या नळीत यीस्ट ठेवायचं. ते ऑक्सिजन खातं, सोडलेला कार्बन डायऑक्साइड पोटॅशचा बोळा शोषून घेतो, आणि थेंब हळूहळू आत ओढला जातो. मग बुचातून सुईनं विष सोडायचं. सायनाइडच्या कपाटाची किल्ली प्रमुख आपल्या जानव्याला बांधून असतात, म्हणून आम्ही त्याच पायरीवर बसणारं दुसरं विष घेतलं, अझाइड. ज्वारीच्या कोंबांचा थेंब चालत राहणार, बेकरीच्या यीस्टचा थांबणार. पुस्तकात तसंच लिहिलंय. प्रयोग म्हणजे पुस्तकाला मान डोलवायची.

कोंबांचा थेंब शहाण्यासारखा चालत राहिला. यीस्टची वेळ आली. तिनं अझाइड सोडलं. थेंब थबकला. मी घड्याळ बघितलं. दुसऱ्या कॉलेजात तास होता.

"थांबला. लिही," म्हणालो आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकतोय तोच ती समोर.

"सर, तुमी गेल्यावर थेंब परत चालाय लागला."

"गळत असेल. बुचाला व्हॅसलीन लाव."

"लावलंय की. तीनदा केला प्रयोग. तीनदा थबकला आन् तीनदा चालला."

"मग उकाडा. उकाड्यानं आतली हवा फुगते."

"फुगली तर थेंब भाईर जाईल की सर. ह्यो आत चाललाय." तिनं बोटानं दाखवलं. "आन् शेजारी रिकामी नळी ठेवलीया. तिच्यातला जागचा हलला न्हाय."

मागं दोन मुलं फिसकन हसली. ती दोघं मला हसली. आणि एवढ्यावर माझं डोकं फिरलं. वयाची पन्नाशी जवळ आली की माणसाला विष पचतं, हसू पचत नाही.

"बेकरीचं यीस्ट असं करत नाही!" मी ओरडलो.

"सर, ते बेकरीचं न्हाय, ते..."

"नाही!"

"आँ?"

"न्हाय नव्हे, नाही. ना-ही. एमएस्सी होणार ना तू? तिकडं जाऊन न्हाय न्हाय करणार? म्हण, नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. सगळी प्रयोगशाळा बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"शाब्बास."

आता सगळेच हसले, आणि या वेळी तिला हसले. मला बरं वाटलं. हे लिहिताना हाताला घाण लागल्यासारखं होतंय, पण खरंच बरं वाटलं.

मी स्वतः अठरा वर्षं 'न्हाय' म्हणत वाढलोय. आमच्या घरात 'नाही' फक्त रेडिओ म्हणायचा. सोलापुरात शिकायला आलो, पहिल्याच आठवड्यात वर्गात हशा झाला, आणि खोलीवर आरशासमोर उभा राहून मी जिभेचं खोगीर बदललं. आज माझ्या तोंडचा 'ण' असा ठणठणीत असतो की ऐकणाऱ्याला वाटावं याचं बारसंच व्याकरणाच्या पुस्तकात झालं. आणि त्या आरशातल्या पोराच्या टवाळीचा सूड मी काढला कुणावर, तर जी माझ्यासारखंच बोलते तिच्यावर. तिच्या वाक्यातला उच्चार मी दुरुस्त केला. त्या उच्चारात एक नकार होता, तो कानाबाहेर गेला. ती सांगत होती की बाटलीत मी समजतोय ते यीस्टच नाही. मी ऐकत होतो तो फक्त 'ह' ला जोडलेला 'न'.

यापुढचं तर त्याहून वाईट आहे.

"पहिली दहा मिनिटं थांबला होता ना?" मी आवाज खाली आणून म्हणालो. "तेवढं लिही."

"आन् फुडचं?"

"पुढं रेघ आडवी झोपव. आलेख छान दिसतो."

"पण सर, ती झोपलेली नाही." 'नाही' म्हणताना ती जराशी थांबली.

"उत्तर माहीत असताना वाद घालायचा नसतो. बाहेरच्या परीक्षकाला गळकं बूच दाखवणार आहेस का?"

आमच्याकडं हे असंच चालतं, म्हणून मला आजही संताप येतो. उत्तर आधी ठरतं आणि मुलं त्याला शोभतील असे आकडे शोधत फिरतात. वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडं येतात, जुन्या चुकांसकट. एका वर्षी कुणीतरी घाईत सातचा एक लिहिला, तर पुढची सगळी वर्षं एकच. माझ्या स्वतःच्या बीएस्सीच्या जर्नलात कांद्याच्या मुळाच्या पेशींची सुबक चित्रं आहेत. तो कांदा मी कापला होता, पण भज्यासाठी. मला त्याबद्दल पैकीच्या पैकी मिळाले, आणि तेव्हापासून मी शास्त्रज्ञ आहे.

तिनं रेघ झोपवली. 'साहित्य आणि पद्धती' हा भाग मी माझ्या जुन्या फाइलमधून उचलून तिला पाठवला. त्यात लिहिलेलं होतं, 'बेकरीचे यीस्ट वापरले'. प्रकल्पाचं पुस्तक बांधून आलं. निळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत खोटं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम साठीच्या आसपास, गुडघे दुखत असताना तीन जिने चढून आलेल्या, त्यामुळे चहा नको, सत्कार नको, नारळ तर नकोच. प्रमुख एका बाजूला, मी दुसऱ्या. मुलगी समोर.

मॅडमनी पुस्तक उघडलंच नाही. "यीस्ट कुठून आणलंस?"

"घरनं, मॅडम. आंबिलीतलं."

मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या परीक्षेला बसलोय.

"बेकरीचं मेलं होतं," ती सांगत गेली. "साखरेच्या पाण्यात टाकलं तर फेस आला नाही. मग आईनं ज्वारीच्या पिठाची आंबील लावली होती, त्यातलं वाढवलं. तीनदा वेगळं केलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. सरांना सांगितलं होतं, ते बेकरीचं नाही म्हणून."

प्रत्येक 'नाही' तिनं माझ्याकडं बघून, एकेक अक्षर सुटं करून उच्चारला. अगदी मी शिकवल्यासारखा.

आणि माझ्या डोक्यात फळा उभा राहिला. आपोआप आंबणाऱ्या पदार्थांतलं यीस्ट. खाली दोन रेघा. थेंब चालायलाच हवा होता! आधी थबकतो, मग आडवाट उघडते आणि पुन्हा चालतो. या पोरीनं ती वाट उघडताना डोळ्यांनी बघितली होती, तीनदा, शेजारी रिकामी नळी ठेवून. आणि मी तिला व्हॅसलीन लावायला सांगत होतो.

"मग विष घातल्यावर थेंब थांबला का?" मॅडमनी विचारलं.

प्रमुखांनी माझ्याकडं बघून भुवई हलवली. पुस्तक बांधलेलं होतं, माझी सही होती, कॉलेजचं नाव सोन्यात होतं.

"थांबला," मी म्हणालो.

हो, मी म्हणालो. सगळं कळल्यावर म्हणालो. आधीच्या सगळ्या चुका अडाणीपणाच्या होत्या, त्यांवर मी कट्ट्यावर किस्से सांगून हशा मिळवतो. या एका शब्दावर मला आजवर कुणाला हसवता आलेलं नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "थांबला न्हाय."

"अगं, नीट बोल जरा," प्रमुख म्हणाले.

"नीटच बोलतीय सर." तिनं पिशवीतून कच्ची वही काढून मॅडमपुढं ठेवली. डाव्या बाजूला वेळ, मधे थेंब कुठं आहे ते, उजवीकडं रिकाम्या नळीतला थेंब. खाडाखोड होती, शाईचे डाग होते. इतकी खरी वही त्या टेबलावर बऱ्याच वर्षांत आली नसावी.

मॅडमनी वही वाचली, मग पुस्तक उघडून आलेख बघितला. चष्मा काढला.

"म्हणजे पुस्तकातले आकडे बदललेत. हे मी पास करू शकत नाही."

मुलीनं टेबलाची कड धरली. जूनचे दिवस ती मोजत होती, मला दिसत होतं.

"मॅडम, सांभाळून घ्या," प्रमुख हसत म्हणाले. "मुलं असतातच अशी. घाई करतात, काहीबाही लिहितात."

'मुलं असतातच अशी' ऐकलं आणि मी उठलो. उठलो म्हणजे स्टूल मागं गेलं, प्रमुखांच्या पायावर पडलं, आणि जे वाक्य मी बाणेदारपणे बोलणार होतो त्याच्या आधी त्यांची किंकाळी आली.

"आकडे मी बदलायला लावले!" मी किंकाळीवरून ओरडलो. "तिचे बरोबर होते. मी ऐकलं नाही. पद्धतीचा भागही माझाच आहे, माझ्या जुन्या फाइलमधला. आणि आत्ता 'थांबला' म्हणालो तेही खोटं!"

"सर, बसा," प्रमुख पाय चोळत म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या तासिकांचं बघायचंय आपल्याला."

"तुमचं ताक बघा तुम्ही!"

मॅडमना ताकाचा संदर्भ अर्थातच लागला नाही. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही हे आधी बोलायला हवं होतं. आता तुम्ही ओरडून काय होणार?" मग तिच्याकडं वळल्या. "आठ दिवस देते. प्रयोग पुन्हा, पुस्तक पुन्हा. शनिवारी पाचच्या आत ऑफिसात पोचलं तर निकाल वेळेत जाईल. नाही पोचलं तर माझ्या हातात काही नाही."

"मॅडम, मार्गदर्शक बदलता येतील का?" तिनं विचारलं.

मी समोर बसल्यासारखं नाही, मी त्या खोलीत नसल्यासारखं विचारलं.

शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एक मॅडम तयार झाल्या. त्यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी मी दोनदा घुटमळलो, आत बोलावलं नाही, बरोबरच केलं. व्हरांड्याच्या खिडकीतून दिसलं ते असं: अझाइडनं थबकलेला थेंब पुन्हा चालू लागला, आणि मग तिनं आडवाट बंद करणारं दुसरं द्रव्य सोडलं तेव्हा मात्र तो जागच्या जागी उभा राहिला आणि उभाच राहिला. पुरावा पुरा झाला. हे दुसरं द्रव्य वापरायचं मला सुचलं नव्हतं असं नाही. मागवायचा अर्ज लिहायचा कंटाळा केला होता.

शनिवारी चार वाजता ती नवं पुस्तक घेऊन ऑफिसात आली. जुन्या मार्गदर्शकानं सोडल्याचा फॉर्म जोडल्याशिवाय ते घेत नव्हते, म्हणून मला बोलावलं होतं. फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना होता. मी आठवडाभर रागानं धुमसत होतो, मला तो रकाना देवानं दिल्यासारखा वाटला. बारीक अक्षरात, समासात वळवून, मी सगळं लिहिलं. मी विद्यार्थिनीचं ऐकलं नाही, तिच्या बोलण्याची टवाळी केली, खरे आकडे खोटे करायला लावले, विभागात हीच पद्धत आहे.

क्लार्कनं वाचलं आणि कागद परत सरकवला. "सर, ये नै चलता. कंप्यूटर में तीनच रीजन हैं. बदली, आजारपण, वैयक्तिक."

"मग चौथं घाला."

"मैं कैसा घालूं सर? पर्सनल लिखो ना, नवा फॉर्म देतूं."

"वैयक्तिक? हे वैयक्तिक आहे? असंच 'वैयक्तिक' लिहून लिहून इथं सगळं सडलंय!" माझा आवाज चढला. शिपाई आत आले. प्रमुख लंगडत दारात आले. मी नियमाचं पुस्तक मागितलं, प्राचार्यांना बोलवा म्हणालो, सही करणार तर याच कागदावर म्हणालो. मला वाटत होतं मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं करतोय. भिंतीवरच्या घड्याळात पाचाला वीस कमी होते.

"सर," ती म्हणाली.

"तू थांब. हे तुझ्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी न्हाय चाललं," ती म्हणाली. ओरडली नाही, पण क्लार्कसुद्धा खाली बघू लागला. "खरं काय झालं ते माझ्या पुस्तकात हाय, वहीत हाय. मॅडमांनी वाचलंय. हितं फक्त सही पायजे. तुमाला राग आलाय तो सगळ्यांना दिसला. आता वैयक्तिक लिवा."

"अगं, पण मी..."

"लिवा की सर. पाच वाजत आल्यात."

मी नवा फॉर्म घेतला. वैयक्तिक या शब्दात वेलांटी पहिली की दुसरी, ऐन वेळी मला आठवेना. पहिली काढली. सही केली. क्लार्कनं कागद पुस्तकाला टाचला, शिक्का दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला. तिनं पोचपावती उजेडाला धरून शेवटपर्यंत वाचली, तारीख बघितली, वेळ लिहून मागितली, घडी घालून वहीत ठेवली आणि जिना उतरून गेली. माझ्याकडं बघितलं नाही.

निकाल वेळेत गेला. तीही गेली. मला तासिका मिळाल्या नाहीत. आणि ज्या फॉर्मवर मी सगळं खरं लिहिलं होतं, त्याची मागची बाजू कोरी होती म्हणून क्लार्कनं ती कच्च्या कामाला ठेवून घेतली.